दर सोमवारी वाढणारे पोटॅशियम : नमुना कुठे बिघडतो ते कसे शोधावे

गेल्या उन्हाळ्यात राजेंद्रनगरच्या एका आजींना त्यांच्या घरच्यांनी रात्री अकरा वाजता दवाखान्याच्या तातडीच्या विभागात नेले, कारण आमच्या प्रयोगशाळेने त्या दिवशी दिलेल्या रिपोर्टात त्यांचे पोटॅशियम ६.७ मिलिमोल प्रति लिटर असे छापले होते. तिथे काढलेला ईसीजी निर्दोष निघाला आणि नव्याने घेतलेल्या रक्तात तेच पोटॅशियम ४.४ आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा नातू आमच्याकडे आला आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून काही न बोलता उभा राहिला. पोटॅशियमची नेहमीची मर्यादा साधारण ३.५ ते ५.१ अशी असते आणि ६.५ च्या वर हृदयाची लय बिघडण्याचा धोका खरा असतो, त्यामुळे घरच्यांनी केलेली धावपळ योग्यच होती. चुकला होता तो आमचा आकडा.

इंदूरमधल्या एका मध्यम आकाराच्या प्रयोगशाळेत मी तांत्रिक काम पाहतो. मुख्य प्रयोगशाळा छावणीच्या बाजूला आहे आणि राजेंद्रनगर, महू, सांवेर व देपालपूर येथील कलेक्शन सेंटरांवरून रोज दुचाकीने नमुने येतात. आजींचे प्रकरण एकटे नव्हते; पोटॅशियम वाढलेले, पण रुग्णाची तब्येत आणि आकडा यांचा काहीच मेळ नाही, असे रिपोर्ट अधूनमधून येत होते आणि दर वेळी आम्ही ते 'रिपीट' लावून, तोच आकडा पुन्हा आला म्हणून निर्धास्त होऊन सोडत होतो. त्याच ट्यूबमधले तेच सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारे द्रव) दुसऱ्यांदा लावून तोच आकडा आला, तर यंत्र स्थिर आहे एवढेच सिद्ध होते. नमुना खरा आहे हे सिद्ध होत नाही. ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात यायला दोन महिने लागले.

सुरुवातीला अर्थातच यंत्रावर संशय घेतला. पोटॅशियमचा इलेक्ट्रोड बदलला, कॅलिब्रेशन पुन्हा केले, दोन्ही पातळ्यांचे कंट्रोल (ज्यांचा आकडा आधीच माहीत असतो असे नमुने) लावले आणि ते मर्यादेतच आले. इंजिनिअरला बोलावले, त्याने नळ्या धुऊन दिल्या आणि चहा पिऊन तो गेला. वास्तविक त्याच रनमध्ये आमच्या स्वतःच्या खिडकीवर सकाळी घेतलेल्या तीस-पस्तीस नमुन्यांचे पोटॅशियम ठीक येत होते, आणि इलेक्ट्रोड बिघडला असता तर तो माणूस पाहून बिघडला नसता. अखेर मी साठ दिवसांचे रजिस्टर घेऊन ५.५ च्या वरचे सगळे निकाल एका कागदावर उतरवले आणि प्रत्येकापुढे फक्त दोनच गोष्टी लिहिल्या : नमुना कुठून आला आणि वार कोणता होता. बहुतेक सोमवार निघाले आणि जवळजवळ सगळे बाहेरच्या सेंटरांचे. ज्यांना असा त्रास वारंवार होतो त्यांनी यंत्राचे झाकण उघडण्याआधी हा कागद तयार करावा, एवढे मी आग्रहाने सांगेन.

गुलाबी रंग नाही म्हणजे नमुना चांगला, हा गैरसमज

पोटॅशियम खोटे वाढले की प्रत्येक तंत्रज्ञ पहिल्यांदा सिरमचा रंग पाहतो, कारण लाल पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्या सिरमपेक्षा वीस पटींहून अधिक असते आणि थोड्या पेशी फुटल्या तरी ते बाहेर सांडते. पेशी फुटल्या की हिमोग्लोबिनही बाहेर येते आणि सिरम गुलाबी किंवा लाल दिसते. त्याच वेळी पेशींतली एलडीएच आणि एएसटी ही एन्झाइमेही वाढलेली मिळतात. सोमवारच्या आमच्या नमुन्यांचे सिरम मात्र स्वच्छ, पेंढ्याच्या रंगाचे होते, आणि म्हणूनच आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवत गेलो.

पेशी न फुटताही पोटॅशियम बाहेर येऊ शकते. लाल पेशीच्या पडद्यावर सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा एक पंप सतत चालू असतो आणि तो पेशीतल्या साखरेपासून मिळणाऱ्या ऊर्जेवर चालतो. रक्त थंड केले की हा पंप मंदावतो, पण पडद्यातून होणारी गळती काही पूर्ण थांबत नाही. त्यामुळे २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये, सिरम वेगळे न करता ठेवलेल्या रक्तात पोटॅशियम तासागणिक हळूहळू सिरममध्ये झिरपत राहते. हिमोग्लोबिन पेशीतच राहते, म्हणून रंग बदलत नाही. उलट बाजूने, रक्त उष्ण जागी फार वेळ राहिले तर पेशी आपल्याजवळची साखर संपवतात, इंधनाअभावी पंप थांबतो आणि परिणाम तोच होतो.

माझ्याच हाताचे रक्त घेऊन मी हे पडताळून पाहिले. एकाच वेळी भरलेल्या तीन पिवळ्या (सिरमसाठीच्या, जेल असलेल्या) ट्यूबांपैकी पहिली अर्ध्या तासाने फिरवली, म्हणजे सेंट्रीफ्यूज यंत्रात गरगर फिरवून सिरम पेशींपासून वेगळे केले, दुसरी वातानुकूलित खोलीत स्टँडवर ठेवली आणि तिसरी फ्रिजमध्ये. दुसरी व तिसरी साधारण चौदा तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी फिरवल्या. पोटॅशियम अनुक्रमे ४.२, ४.३ आणि ५.९ आले. तिन्हींचा रंग सारखाच होता. साखर मात्र खोलीतल्या ट्यूबमध्ये जवळजवळ निम्म्यावर आली होती आणि फ्रिजमधल्या ट्यूबमध्ये थोडीच घटली होती.

या शेवटच्या निरीक्षणातून आम्हाला एक फार उपयोगी युक्ती मिळाली. संशयास्पद नमुन्याच्या पिवळ्या ट्यूबमधल्या सिरमवरच साखरेची तपासणी लावावी आणि त्याच रुग्णाच्या करड्या, म्हणजे फ्लोराइडच्या (पेशींना साखर वापरू न देणाऱ्या) ट्यूबमधल्या साखरेशी ती ताडून पाहावी. न फिरवलेल्या रक्तातली साखर खोलीच्या तापमानाला ताशी साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते, आणि मे महिन्यात दुचाकीच्या पेटीत त्याहूनही लवकर. दोन्ही साखरांत मोठी तफावत असेल आणि पोटॅशियम वाढलेले असेल, तर रक्त पेशींवर फार वेळ आणि उष्णतेत राहिले. तफावत थोडी आणि पोटॅशियम बरेच वाढलेले, सिरम स्वच्छ, तर ते थंडीत राहिले. (फ्लोराइडचा अंमल पूर्ण बसायला तासभर किंवा अधिक वेळ लागतो, म्हणून करड्या ट्यूबचा आकडाही तंतोतंत नसतो, पण या कामापुरता तो पुरतो.)

आता राजेंद्रनगरच्या सेंटरवर चौकशी केली. रविवारी आमची गाडी जात नाही. रविवारी सकाळी घेतलेले नमुने सोमवारी येतात. ते कुठे ठेवतात, असे विचारल्यावर तिथला मुलगा अभिमानाने म्हणाला, "भिया, सब फ्रिज में रखते हैं, एकदम सेफ।" आणि त्याने भिंतीवरचा छापील कागद दाखवला, ज्यावर 'सर्व नमुने २ ते ८ अंशांवर ठेवावेत' असे ठळक अक्षरांत लिहिले होते. तो कागद दोन वर्षांपूर्वी मीच तयार केला होता. जांभळ्या टोपणाची सीबीसीची (रक्तपेशींच्या मोजणीची) ट्यूब फ्रिजमध्ये चोवीस तास बऱ्यापैकी टिकते, एचबीएवनसी (मधुमेहातली सरासरी साखरेची तपासणी) तर काही दिवस टिकते, हे डोक्यात ठेवून मी 'सर्व' असा शब्द लिहून मोकळा झालो होतो. त्या मुलाने दिलेली सूचना तंतोतंत पाळली होती.

नवा कागद लावला त्यात नमुन्यागणिक वेगळी सूचना आहे. पिवळ्या ट्यूबमधले रक्त घेतल्यावर खोलीच्या तापमानाला उभे ठेवून साधारण अर्धा तास गोठू द्यावे, साधी लाल ट्यूब असेल तर तासभर, आणि घेतल्यापासून दोन तासांच्या आत फिरवून सिरम पेशींपासून वेगळे करावे. त्यानंतरच, जेलचा थर नीट बसला आहे हे पाहून, ती फ्रिजमध्ये ठेवावी. पीटीच्या (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजण्याच्या तपासणीच्या) निळ्या ट्यूबचे न फिरवलेले रक्तही फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण थंडीने गोठण्याच्या साखळीतला सातवा घटक सक्रिय होऊन निकाल खोटा कमी येऊ शकतो. यासाठी चारही सेंटरांवर छोटे सेंट्रीफ्यूज द्यावे लागले. मालकांनी खर्चाबद्दल कुरकुर केली, पण आजींच्या नातवाने ठेवलेले ते दोन कागद मी जपून ठेवले होते.

सेंट्रीफ्यूज दिल्यावर एक नवीच अडचण उभी राहिली. सेंटरवर फिरवून आलेली जेलची ट्यूब मुख्य प्रयोगशाळेत 'नीट दिसत नाही' म्हणून पुन्हा फिरवली जाऊ लागली. असे कधीही करू नये. जेलच्या खाली आणि कडेने अडकलेले, पेशींजवळ तासन्‌तास राहिलेले द्रव दुसऱ्यांदा फिरवल्यावर वर येते आणि त्यात पोटॅशियम भरपूर असते. सिरम अपुरे वाटत असेल तर वरचे आहे तेवढे पिपेटने काढून घ्यावे.

पेटीचाही बंदोबस्त करावा लागला. वैशाखात इंदूरचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, म्हणून दुचाकीवरची मुले गोठवलेले आइस पॅक थेट ट्यूबांना चिकटवून ठेवत. त्यामुळे कडेच्या ट्यूबा गारठत आणि मधल्या उबदार राहत. आता पॅक पेटीच्या भिंतीशी, मध्ये जाड पुठ्ठा आणि कापड, ट्यूबा स्टँडवर उभ्या, आणि आत कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर, अशी व्यवस्था आहे. थंडीतही हीच काळजी घ्यावी लागते, कारण जानेवारीत इथले रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते आणि सांवेरहून पहाटे निघालेली पेटी आपोआपच फ्रिज होते. उन्हाळ्यात याच्या उलटही घडते : पस्तीस अंशांच्या आसपास पंप जोरात चालतो आणि पहिले काही तास पोटॅशियम उलट घटते, त्यामुळे खरोखर वाढलेले पोटॅशियम झाकले जाण्याची शक्यता असते.

सिरम गुलाबी असेल तर

सोमवारचा पेच सुटला, तरी आठवड्याच्या इतर दिवशी येणारे काही वाढीव आकडे उरलेच होते आणि त्यांचे सिरम खरेच लालसर होते. इथे कारण बहुधा रक्त घेणाऱ्या हातात असते. स्पिरिट वाळण्याआधीच सुई टोचणे, प्रौढ माणसाला २१ किंवा २२ गेजऐवजी २४ ची बारीक सुई वापरणे, दहा मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या जोराने ओढणे, आणि सर्वांत घातक म्हणजे भरलेल्या सिरिंजची सुई ट्यूबच्या रबरी टोपणात खुपसून अंगठ्याने रक्त दाबणे. यातल्या शेवटच्या सवयीत दोन संकटे आहेत. अरुंद सुईतून जोराने ढकललेल्या पेशी फुटतात, आणि ट्यूब धरलेल्या दुसऱ्या हाताच्या बोटात सुई शिरते. आमच्याकडे दोन वर्षांत झालेल्या सुई टोचण्याच्या तीन प्रसंगांपैकी दोन असेच घडले. सिरिंजनेच रक्त घ्यावे लागले तर सुई हब कटरमध्ये कापून टाकावी, ट्यूबचे टोपण काढावे आणि रक्त ट्यूबच्या भिंतीवरून सावकाश ओघळू द्यावे. त्यापेक्षा होल्डर आणि निर्वात ट्यूब वापरणे केव्हाही बरे.

ट्यूब हलवण्याबाबतही गैरसमज आहेत. 'मिक्स करा' म्हटले की काही जण ती सरबताच्या बाटलीसारखी घुसळतात. ट्यूब फक्त हळुवार उलटी-सुलटी करायची असते : जांभळी आठ ते दहा वेळा, पिवळी पाच-सहा वेळा, निळी तीन-चार वेळा. आणि गोठलेली गुठळी सुटत नाही म्हणून लाकडी काडीने कडेने मोकळी करण्याची जुनी पद्धत तर पूर्ण बंद करावी. तीत पेशी फुटतात, रक्ताचे शिंतोडे उडतात आणि ती ओली काडी नेमकी कुठे पडते हे कोणीच पाहत नाही.

दंडाचा पट्टा एका मिनिटाहून अधिक वेळ आवळून ठेवणे आणि रुग्णाला 'काका, मूठ उघडा-मिटा' असे सांगत राहणे, यानेही पोटॅशियम वाढते, तेही पेशी न फोडता. स्नायूंच्या हालचालीने ते एका मिलिमोलपर्यंत, कधी त्याहूनही अधिक चढू शकते. मूठ एकदा मिटून तशीच ठेवणे पुरेसे आहे आणि शीर मिळाली की पट्टा सोडावा.

सिरम लाल असले तर निकालातून काही ठरावीक वजा करून 'खरा' आकडा काढण्याचे सूत्र काही जण वापरतात. मला ते मान्य नाही. किती पेशी रुग्णाच्या शरीरात फुटल्या आणि किती सुईत, हे सूत्राला कळत नाही. असा नमुना नाकारावा आणि नवीन मागवावा.

पोटॅशियम अशक्य वाटण्याइतके जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी

हे निदान सर्वांत सोपे आहे. जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियमयुक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असते. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला बांधून ठेवते. त्यामुळे पोटॅशियम ९ किंवा १० आणि त्याच नमुन्यात कॅल्शियम ४ किंवा ५ मिलिग्रॅम, शिवाय अल्कलाइन फॉस्फेटेजही घसरलेले, असे दिसले की कोणीतरी जांभळ्या ट्यूबमधले रक्त पिवळ्या ट्यूबमध्ये ओतले आहे, असे समजावे. पिवळी ट्यूब कमी भरली आणि जांभळी जास्त, की नवख्या मुलाला हा मोह होतो. विचारल्यावर कोणी कबूल करत नाही, पण कॅल्शियम खोटे बोलत नाही. थोडेच ईडीटीए गेले असेल तर खुणा अस्पष्ट असतात; म्हणून ट्यूब भरण्याचा क्रम पाळावा : ब्लड कल्चर असेल तर ते आधी, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी करडी.

प्लेटलेट पाच लाखांच्या वर असतील तर गोठताना त्यांतूनही पोटॅशियम सुटते. अशा रुग्णाचे लिथियम हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) हिरव्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन प्लाझ्मावर, म्हणजे न गोठलेल्या रक्तातल्या द्रवावर, तपासणी करावी आणि सिरमशी तुलना करावी.

हाताळणीबाबत थोडेसे

नमुने तपासायला, ताडायला आणि पुन्हा मागवायला लागलो की हाताळणी वाढते आणि तिच्याबरोबर धोकाही. सेंटरांवर सेंट्रीफ्यूज देताना मी एकच अट घातली : झाकण पूर्ण थांबल्याशिवाय उघडायचे नाही, आणि आत ट्यूब फुटल्याचा आवाज आला तर यंत्र बंद करून अर्धा तास तसेच ठेवायचे, म्हणजे हवेत उडालेले सूक्ष्म थेंब खाली बसतात, मग जाड हातमोजे घालून, काचा चिमट्याने उचलून, एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट मारायचे आणि शेवटी धातूचे भाग गंजू नयेत म्हणून पाण्याने पुसून काढायचे.

सुई टोचलीच तर जखम दाबून रक्त काढत बसू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे, कारण एचआयव्हीसाठीचे प्रतिबंधक औषध जितके लवकर, शक्यतो दोन तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवे. संसर्गित रक्ताच्या सुईने एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची मात्र ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, आणि तरीही आमच्या दोन मुलांनी तिसरा डोस घेतला नव्हता. ओला-सुका कचरा वेगळा करण्यात सगळ्या देशाला धडा घालून देणाऱ्या शहरात एका सेंटरवर सुया पातळ पिशवीत सापडल्या, हे लिहिताना मला लाज वाटते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न भेदता येणाऱ्या डब्यात आणि सुई काढलेल्या सिरिंज व प्लास्टिकच्या ट्यूबा लाल पिशवीत जायला हव्यात.

आणि आकडा खराच असेल तर

नव्या पद्धती सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील, तेव्हा एका सोमवारी महूच्या सेंटरवरून एका काकांचे पोटॅशियम ६.९ आले. सिरम स्वच्छ होते, वार तोच होता आणि माझ्या सहकाऱ्याने सवयीने 'पुन्हा नमुना मागवा' असे लिहून तो रिपोर्ट बाजूला ठेवला. मी ट्यूबवरची वेळ पाहिली : त्याच दिवशी सकाळी ७.२० ला रक्त घेतलेले, ८.०५ ला फिरवलेले. पिवळ्या आणि करड्या ट्यूबमधली साखर जुळत होती, कॅल्शियम ठीक होते, प्लेटलेट दोन लाखांवर होत्या आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ५.८, म्हणजे बरेच वाढलेले होते. फोन केला तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की काकांची मूत्रपिंडे आधीपासून कमजोर आहेत आणि पंधरा दिवसांपूर्वी त्यांना रक्तदाबाची नवी गोळी सुरू केली होती. त्यांना दुपारीच दाखल करून घेतले.

तेव्हापासून आमच्याकडे ६.० च्या वरचा कोणताही निकाल, नमुना कितीही संशयास्पद असला तरी, अडकवून ठेवला जात नाही. डॉक्टरांना लगेच फोन जातो आणि त्याच फोनवर रक्त घेतल्याची वेळ, फिरवल्याची वेळ, पेटीचे कमाल-किमान तापमान आणि सिरमचा रंग या चार गोष्टी सांगितल्या जातात. ईसीजी आधी काढायचा की नवा नमुना आधी मागवायचा, हे ते ठरवतात. त्यासाठी रजिस्टरात चार नवे रकाने आखले आहेत, आणि ते रिकामे असतील तर संगणकात निकाल चढवायचा नाही असा नियम आहे.